पलीकडे फोन उचलायचं कोण?

पन्नास मोडेम म्हणजे पन्नास अडॅप्टर, आणि पन्नास अडॅप्टर म्हणजे एक्स्टेन्शन बोर्डांची मालगाडी. नव्वदीच्या पूर्वार्धात अमेरिकेत गावोगावी ज्यांनी इंटरनेट पुरवायचा धंदा थाटला, त्यातल्या बऱ्याच जणांचा संसार असाच होता: मागची एखादी खोली, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले घरगुती मोडेम. अडॅप्टर इतका जाडा की शेजारचं सॉकेटही झाकून टाकायचा. मोडेम एकमेकांना चिकटून ठेवले की तापायचे, तापले की अडकायचे. मग कुणीतरी उठायचं, त्याचं बटण बंद करून परत चालू करायचं आणि जाऊन बसायचं.

घरून फोन लावताना येणारी ती किंचाळी आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. पण फोन लागायचा तो कुठे? पलीकडच्या रॅकमध्ये काय चालायचं, त्याच्या या काही चटकदार गोष्टी.

सतरा खाचांचं खोकं

त्या पसाऱ्यावरचा सगळ्यात गाजलेला उतारा म्हणजे यूएस रोबोटिक्सचं ‘टोटल कंट्रोल’. १९ इंची रॅकमध्ये बसणारं, १७ खाचांचं खोकं. एका कार्डावर चार मोडेम, अशी बारा कार्डं सरकवली की ४८ मोडेम तयार. पहिल्या खाचेत टेलिफोन कंपनीच्या डिजिटल लाईनचं कार्ड, सतराव्या खाचेत देखरेखीचं. प्रत्येक कार्डाची जोडणीची बाजू खोक्याच्या मागून लावायची आणि मागे गेलं की खाचांची मोजणी अर्थातच उलटी. चुकीच्या खाचेत कार्ड घालून घाम गाळणारे तंत्रज्ञ म्हणूनच निपजायचे.

४८च का? अमेरिकेत टी-१ लाईनवर २४ वाहिन्या असतात, म्हणून दोन टी-१ घेतल्या की ४८. भारतात आणि युरोपात ई-१ चालते, तिच्यावर बोलण्यासाठी ३० वाहिन्या. म्हणून तिकडचे आकडे २४ च्या पाढ्यातले आणि आपले ३० च्या.

जाता जाता: यूएस रोबोटिक्स हे नाव आयझॅक असिमोव्ह यांच्या रोबोकथांतल्या काल्पनिक कंपनीवरून घेतलेलं. याच कंपनीने १९९५ मध्ये पाम विकत घेतली, म्हणजे पामपायलट हा तळहातावरचा संगणक बाजारात आणणारी मंडळी आणि मोडेमचे रॅक विकणारी मंडळी काही काळ एकाच छपराखाली होती. १९९७ मध्ये थ्रीकॉमने दोघांनाही पोटात घेतलं.

उणे ४८

टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत रॅक लावायचा असेल, तर वीज मिळायची ती ४८ व्होल्ट डीसी आणि तीही ‘उणे’. धन टोक जमिनीला जोडलेलं! संगणकाच्या दुनियेतून आलेल्या माणसाचा इथे पहिला गोंधळ. यामागचं कारण शंभर वर्षं जुनं आहे. ओल्या मातीतली तांब्याची केबल धन असेल तर गंजून झिजते, ऋण असेल तर टिकते. शिवाय ही वीज बॅटऱ्यांच्या रांगेतून यायची, त्यामुळे गावात दिवे गेले तरी रॅक चालू. ग्राहकाच्या घरी मात्र अंधार, तेव्हा फोन लावणार कोण, हा भाग वेगळा.

मोडेम आणि कॉम्प्युटर रात्रभर गप्पा मारतात

आता हा किस्सा सेटिंगमधला, आणि माझ्या मते सगळ्यात फर्मास. डेनिस हेज यांच्या कंपनीने १९८१ मध्ये स्मार्टमोडेम आणला आणि मोडेमला हुकूम देण्याची भाषा रूढ केली. प्रत्येक हुकमाची सुरुवात ‘एटी’ने. दिलेला हुकूम मोडेम परत पाठवायचा, म्हणजे टाइप करणाऱ्याला तो पडद्यावर दिसे. घरी हे सोयीचं. पण रॅकमध्ये मोडेमच्या पाठीशी माणूस नसतो, युनिक्स सर्व्हर असतो.

मग काय व्हायचं? सर्व्हर म्हणायचा, ‘लॉगिन?’ मोडेम रिकामाच बसलेला, तो तेच अक्षरन् अक्षर परत पाठवायचा. सर्व्हरला वाटायचं, चला, कुणीतरी आलं, नाव ‘लॉगिन’ दिसतंय. तो विचारायचा, ‘पासवर्ड?’ मोडेम तेही परत पाठवायचा. सर्व्हर म्हणायचा, पासवर्ड चुकला, परत सांगा. मोडेम तेही परत! लाईनवर एकही ग्राहक नाही आणि या दोघांचे सवाल-जवाब चालूच. सकाळी येऊन पाहावं तर लॉगची फाईल फुगलेली आणि सर्व्हर धापा टाकतोय. उपाय दोन अक्षरांचा: ई-शून्य म्हणजे प्रतिध्वनी बंद, क्यू-एक म्हणजे ‘रिंग वाजली’, ‘जोडलं’ असले निरोप बंद. शिवाय एस-० या रजिस्टरमध्ये १ लिहायचा, म्हणजे पहिल्याच रिंगला मोडेम फोन उचलतो.

आठवी पिन, विसावी पिन

मोडेम आणि सर्व्हर यांच्यातल्या जाड केबलच्या टोकाला २५ पिनांचं कनेक्टर. पैसे वाचवायला काही जण तीनच तारा जोडायचे: पाठवायची, घ्यायची आणि अर्थिंगची. अक्षरं सुरळीत यायची-जायची, म्हणून माणूस खूश. पण पलीकडच्याने फोन ठेवला, हे सर्व्हरला सांगते आठवी पिन, आणि ‘आता तू फोन ठेव’ हे मोडेमला सांगते विसावी. आठवी जोडलेलीच नसेल, तर एका ग्राहकाची लाईन मध्येच तुटली तरी सर्व्हरला पत्ता नाही. त्याच मोडेमवर पुढचा ग्राहक आला की त्याला पासवर्डही विचारला जायचा नाही. तो थेट आधीच्या माणसाच्या खात्यात, त्याच्या उघड्या पत्रांसमोर! सुरक्षेची एवढी मोठी फट आणि कारण एक न जोडलेली तार.

एका सेकंदाचं पेटंट

चालू कॉलमध्येच मोडेमला हुकूम द्यायचा असेल तर तीन अधिक चिन्हं पाठवायची: +++. पण ही चिन्हं एखाद्या पत्राच्या मजकुरातच आली तर? हेज यांचे भागीदार डेल हेदरिंग्टन यांची युक्ती अशी की चिन्हांच्या आधी आणि नंतर एकेक सेकंद शांतता असेल तरच तो हुकूम समजायचा. कंपनीने या शांततेचं पेटंट घेतलं आणि इतरांकडे रॉयल्टी मागितली. काही उत्पादकांनी पैसे द्यायचं नाकारलं आणि थांबण्याची ही अट काढूनच टाकली.

याचं फळ नव्वदीच्या अखेरीस मिळालं. टारगट पोरांच्या लक्षात आलं की एखाद्याच्या कॉम्प्युटरला पिंग पाठवायचा आणि त्यात ‘+++’ व पाठोपाठ फोन ठेवण्याचा हुकूम भरायचा. पिंगचा नियम असा, की आलेला मजकूर जसाच्या तसा परत करायचा. बिचारा कॉम्प्युटर तो इमानदारीत परत पाठवायचा, वाटेत त्याचाच मोडेम तो वाचायचा आणि मालकाने सांगितलंय असं समजून फोन ठेवून द्यायचा. बचावासाठी एस-२ रजिस्टरमध्ये २५५ लिहायचं, म्हणजे तीन चिन्हांची भानगडच बंद.

बिघडलेला मोडेम सगळ्यात लाडका

ग्राहकांना नंबर एकच दिलेला, त्यामागे लाईनी अनेक. एक लाईन गुंतलेली असली की कॉल पुढच्या लाईनवर. आपल्याकडे याला सरळ ‘हंटिंग’ म्हणतात. यात गंमत अशी, की एक्स्चेंजला फक्त ‘गुंतलेली’ आणि ‘मोकळी’ एवढंच कळतं. लाईन मोकळी पण मोडेम मेलेला, तर कॉल तिथेच जाऊन रिंग वाजत राहणार. पुढचे चाळीस मोडेम ठणठणीत असले तरी ग्राहक म्हणणार, ‘तुमचा नंबर उचलत नाहीत.’

त्याहून वाईट म्हणजे अर्धवट बिघडलेला. तो फोन उचलतो, दोन सेकंद खरखर करतो, ठेवतो आणि लगेच मोकळा होतो. मोकळा झाला की पुढचा कॉल पुन्हा त्याच्याच पदरात. म्हणून अनुभवी माणूस लॉगमध्ये आधी कोण जास्त राबतोय ते शोधायचा. दिवसात सर्वाधिक कॉल घेणारा मोडेम हमखास नादुरुस्त निघायचा. नवं कार्ड येईपर्यंत त्यावर जालीम उपाय म्हणजे ‘एटीएच१’ हा हुकूम. मोडेम फोन उचलून नुसता बसून राहतो, एक्स्चेंजला लाईन गुंतलेली दिसते आणि कॉल त्याला ओलांडून पुढे जातो.

५६ के चं गुपित

घरी डब्यावर ‘५६ के’ लिहिलेला मोडेम, मित्राकडेही तसाच. दोघांनी एकमेकांना फोन लावला तर वेग किती? फार तर ३३.६. कारण ५६ के चं अर्धं श्रेय रॅकचं आहे.

टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहितं, म्हणजे ६४ के. आवाजाचे आकडे करताना थोडी तोडमोड होतेच आणि ती मोडेमच्या मुळावर येते. पण रॅकमधल्या मोडेमला थेट डिजिटल लाईन जोडली, तर त्या दिशेने ही तोडमोड घडतच नाही. मोडेम सरळ एक्स्चेंजच्याच भाषेत आकडे पाठवतो. आठातला एक बिट इतर कामासाठी व खरखरीसाठी सोडून दिला की सात गुणिले ८,०००, झाले ५६ के. ग्राहकाकडून उलट दिशेला जाताना मात्र तोडमोड होणारच, म्हणून तिकडे ३३.६. आणि अमेरिकेत लाईनवरच्या सिग्नलच्या ताकदीवर सरकारी मर्यादा होती, त्यामुळे ५६ सुद्धा प्रत्यक्षात ५३ च्या आसपास थांबायचं. डब्यावर छापायला आकडा मात्र ५६.

१९९७ मध्ये या वेगाचे दोन पंथ निघाले. यूएस रोबोटिक्सचा एक्स२ आणि रॉकवेल-ल्युसेंटचा के५६फ्लेक्स. एकाचं दुसऱ्याशी जमत नसे. १९९८ मध्ये व्ही.९० हे समान मानक आलं, तोवर काही इंटरनेटवाल्यांनी दोन वेगळे नंबर ठेवले: या मोडेमवाल्यांनी इथे लावा, त्यांनी तिथे. हे वाटतं तेवढं स्वस्त नव्हतं, त्याचं गणित पुढे.

डॅनिश गणितज्ञाची करामत

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग यांनी १९१७ मध्ये एक सूत्र मांडलं: इतक्या लाईनी असतील आणि इतके कॉल येत असतील, तर किती जणांना एंगेज टोन मिळेल? रॅक लावणारे ऐंशी वर्षांनी तेच सूत्र वापरत होते. शंभरात एकालाच एंगेज मिळावा असं ठरवलं, तर ३० लाईनी एका वेळी सरासरी २० जणांना पुरतात. ६० लाईनी मात्र ४० नव्हे, जवळजवळ ४७ जणांना! एकाच नंबरामागे जितक्या जास्त लाईनी, तितकी प्रत्येक लाईन जास्त कामाला येते. म्हणजे ६० मोडेमचे तीस-तीसचे दोन गट केले की सहासात ग्राहकांची जागा हवेत विरली. दोन पंथांच्या भांडणाची ही किंमत ना ग्राहकाला दिसली, ना जाहिरातीत कुणी सांगितली.

दहा ग्राहकांमागे एक मोडेम हा त्या काळातला ठोकताळा. तो तासावर पैसे आकारले जात होते तोवर चालला. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाईनने महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये हवं तेवढं इंटरनेट देऊ केलं आणि लोकांनी फोन ठेवणंच सोडून दिलं. एंगेज टोनचा इतका सुकाळ झाला की कंपनीला ‘अमेरिका ऑन होल्ड’ असं टोपणनाव पडलं. राज्याराज्यांच्या ॲटर्नी जनरलनी फैलावर घेतल्यावर जानेवारी १९९७ मध्ये तिने ग्राहकांना परतावा कबूल केला.

मुंबईकरांना हे नवं नव्हतं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला देशातलं पहिलं सार्वजनिक डायल-अप इंटरनेट सुरू केलं, वेग ९.६ के. सहा महिन्यांत १०,००० ग्राहक झाले. मागणीचा अंदाज साफ चुकला, हे निगमचे तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी जाहीरपणे मान्य केलं होतं. सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडी हे दुर्मीळच.

घड्याळ कुणाचं?

डिजिटल लाईन जोडताना हटकून विसरलं जाणारं सेटिंग म्हणजे घड्याळ. रॅकने स्वतःच्या घड्याळावर चालायचं नाही, लाईनवरून येणारा एक्स्चेंजचा ठेका धरायचा. नाहीतर अधूनमधून सेकंदाचा आठ हजारावा भाग निसटतो. माणसं बोलत असतील तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मोडेम मात्र तेवढ्याने भांबावतो, सगळी बोलणी पहिल्यापासून सुरू करतो, नाहीतर फोनच ठेवून देतो. ‘आवाज तर स्वच्छ येतोय, मग लाईनचा काय दोष?’ हे टेलिफोन कंपनीचं ठरलेलं उत्तर.

रॅक गेले, रजिस्टर राहिलं

अमेरिका ऑनलाईनने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली. पण रॅकच्या संसारातली एक वस्तू अजून धडधाकट आहे. आलेल्या ग्राहकाचं नाव-पासवर्ड तपासायचा आणि तो किती वेळ बसला ते मांडून ठेवायचं, यासाठी लिव्हिंगस्टन कंपनीने १९९१ मध्ये ‘रेडियस’ नावाची पद्धत काढली. आज ऑफिसच्या वायफायवर आपापल्या नावाने लॉगिन होतं, किंवा विद्यापीठांच्या ‘एड्युरोम’वर परदेशातही आपल्या कॉलेजचा पासवर्ड चालतो, ते तिच्याच जोरावर.

सुरुवातीला तिला १६४५ हा पोर्ट दिला होता. तो आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर असल्याचं नंतर लक्षात आलं, म्हणून अधिकृत नंबर १८१२ झाला. सिस्कोच्या जुन्या उपकरणांत मात्र मूळ सेटिंग १६४५ च राहिलं. तेव्हा पासवर्ड बरोबर असूनही वायफाय आत घेत नसेल आणि उपकरण जुनं सिस्कोचं असेल, तर नेटवर्कवाल्याला आधी हा आकडा बघायला सांगा.