यंत्राच्या पोटात (लेखांक १२) : वाटणीतल्या घराचा उतारा

रायपूरच्या समता कॉलोनीतलं आमचं घर सासऱ्यांनी बांधलं तेव्हा एकच होतं. पुढे दोघा भावांची वाटणी झाली. खाली आम्ही राहिलो, वर दीर-जाऊ गेले. जिना बाहेरून काढला, विजेचं मीटर वेगळं घेतलं, गॅसची जोडणी वेगळी झाली. बोअर मात्र एकच राहिली, कारण अंगणात दुसरी मारायला जागाच नव्हती.

आता वरच्या मजल्यावर आलेल्या पाहुण्याने विचारलं, तुमच्याकडे पाणी किती, तर जाऊबाई नळ सोडून दाखवतील. धार चांगली असते. पण बोअर किती खोल आहे, पंप किती ताकदीचा आहे, त्या घटकेला खाली आमचे किती नळ चालू आहेत, यातलं काहीच त्या नळातून कळत नाही. मे महिन्यात रायपूरच्या बोअरींचं पाणी खाली जातं, तेव्हा हे सगळं एकदम आठवतं.

मागच्या लेखांकात आपण हायपरव्हायजर पाहिला. एका मोठ्या सर्व्हरची वाटणी करून प्रत्येक वाट्याला स्वतंत्र यंत्रासारखं चालू देणारा तो कारभारी. त्या वाट्याला पार्टिशन म्हणतात. आज प्रश्न पुढचा आहे. आपल्या वाट्याला नेमकं काय आलं आहे, हे बघायचं कसं? महाराष्ट्रात जमिनीचा सातबारा काढतात, छत्तीसगडात बी-१ आणि खसरा. पार्टिशनचाही असा उतारा निघतो. मी नोकरीत असताना वर्षानुवर्षं तो काढला, आणि त्यातली कोणती ओळ माणसाला फसवते हे मला चांगलं माहीत आहे.

निमित्त पुतण्याचं झालं. तो वरच्या मजल्यावरून रात्रपाळीत एका दूरच्या शहरातल्या सर्व्हरची देखभाल करतो. यंत्र आयबीएमच्या पॉवर जातीचं, त्यावर एआयएक्स ही प्रणाली. महिनाअखेरीला हिशेबाचं काम रखडू लागलं, तेव्हा त्याने आणखी चार प्रोसेसर मागायचं पत्र लिहिलं आणि मला दाखवायला खाली आला.

‘‘आत्ता किती आहेत?’’ मी विचारलं.

‘‘सोळा.’’

‘‘कशावरून?’’

‘‘काकू, टोपाज हा आदेश दिला की सोळा दिसतात.’’

मग मी त्याला ‘पीआरटीकॉन्फ’ हा आदेश द्यायला लावला. हा आदेश म्हणजे उताऱ्याचं पहिलं पान. यंत्राचा नमुना, अनुक्रमांक, प्रोसेसरची जात आणि वेग, मेमरी, जोडलेली साधनं, सगळं ओळीने येतं. तिथे प्रोसेसरांची संख्या निघाली चार. पुतण्या गप्प झाला. नंतर ‘एलपारस्टॅट’ हा आदेश ‘आय’ हा पर्याय लावून दिला. तिथे हक्काच्या क्षमतेपुढे लिहिलं होतं ०.४०.

एकाच प्रश्नाला सोळा, चार आणि शून्य दशांश चार अशी तीन उत्तरं आली आणि तिन्ही खरी होती. आजचा लेखांक मुख्यतः या तीन आकड्यांचाच आहे.

०.४० हा आकडा सगळ्यात खालचा, आणि सगळ्यात खरा. एका पूर्ण कोअरचा, म्हणजे एका खऱ्या प्रोसेसरचा, चार-दशांश वेळ या पार्टिशनला मिळणार, काहीही झालं तरी मिळणार, हे त्याचं वचन. कोअर कापता येत नाही, पण त्याचा वेळ कापता येतो. पॉवर यंत्रांचा हायपरव्हायजर दर १० मिलिसेकंदांना पाळी नव्याने मांडतो. त्या १० पैकी ४ मिलिसेकंद आपले. माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथल्या फड पद्धतीत पाटाचं पाणी पाळीने फिरायचं आणि पाटकरी ते शेताशेतात सोडायचा. ते पाहिलेल्या माणसाला हायपरव्हायजर समजायला वेळ लागत नाही. फरक इतकाच, की तिथली पाळी दिवसांची असायची आणि इथली डोळ्याची पापणी लवायला लागणाऱ्या वेळापेक्षा कितीतरी लहान.

चार हा आकडा आभासी प्रोसेसरांचा. आपल्या चार-दशांश वेळाचं पाणी किती वाफ्यांत एकाच वेळी सोडायचं, ते यावरून ठरतं. ०.४० चे चार भाग म्हणजे प्रत्येकी ०.१०, दर पाळीला एक मिलिसेकंद. २००४ साली पॉवर५ आल्यापासून एका आभासी प्रोसेसरला कमीत कमी एक-दशांश कोअर द्यावाच लागे, पुढे पॉवर७च्या सुधारित पिढीपासून ही मर्यादा विसाव्या हिश्श्यावर आली. म्हणजे जुन्या नियमाने आमच्या या पार्टिशनला पाचवा आभासी प्रोसेसर मिळालाच नसता. हक्क वाढवल्याशिवाय नुसते प्रोसेसर मागून उपयोग नव्हता, आणि पुतण्याच्या पत्रात नेमकं तेच मागितलं होतं.

सोळा हा आकडा प्रणालीला दिसणाऱ्या तार्किक प्रोसेसरांचा. प्रत्येक आभासी प्रोसेसर एका वेळी चार धागे चालवतो, चार चोक सोळा. पॉवर८वर तो आठ धागे चालवू शकतो, म्हणजे त्याच वाट्याचे बत्तीस दिसले असते आणि वाटा तसूभरही वाढला नसता. वाफ्यात चार सऱ्या पाडल्या म्हणून पाटाला पाणी वाढत नाही.

याच उताऱ्यात ‘मोड’ ही एक ओळ असते, आणि नवशिके ती हमखास वगळतात. तिथे ‘कॅप्ड’ असेल तर ०.४० हेच छत, त्याच्यावर एक थेंब नाही. ‘अनकॅप्ड’ असेल तर सामायिक साठ्यात उरलेला वेळही घेता येतो, आभासी प्रोसेसरांच्या संख्येइतका, म्हणजे आमच्या बाबतीत पूर्ण चार कोअरपर्यंत. उरलेल्यावर अनेकांचा डोळा असेल तर वाटप वजनाप्रमाणे होतं. वजन ० ते २५५, मुद्दाम बदललं नाही तर १२८. वजन शून्य ठेवलेलं पार्टिशन नावाला अनकॅप्ड, वागायला कॅप्ड.

पुतण्याचं पार्टिशन अनकॅप्ड होतं. एरवीच्या दिवशी दर दोन सेकंदांनी ‘एलपारस्टॅट’ चालवून पाहिलं तर प्रत्यक्ष वापर एक कोअर आणि हक्काच्या तुलनेत टक्केवारी २५० दिसे. त्याला ते धोक्याचं वाटायचं. धोका त्यात नव्हता, शेजारचे वाटेकरी झोपले होते म्हणून याला जास्त मिळत होतं. महिनाअखेरीच्या नोंदी काढल्या तेव्हा खरं दुखणं दिसलं. वापर बरोबर ०.४० वर अडकलेला, टक्केवारी १००, आणि कामांची रांग मारुतीच्या शेपटासारखी. अनकॅप्ड असूनही वापर हक्काच्या रेषेवरच खिळला, याचा अर्थ साठ्यात उरलेलंच काही नाही. त्या रात्री त्याच यंत्रावरच्या सगळ्या पार्टिशनांचा हिशेब एकदमच निघत होता. आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे वर-खाली एकदम अभ्यंगस्नानं सुरू झाली की नळाची जी गत होते, तीच.

ही वाटणीची कल्पना जुनी आहे. एका यंत्रात अनेक यंत्रांचा भास उभा करणारी व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएमने १९७२ साली जाहीर केली. १९८८ मध्ये मोठ्या मेनफ्रेमवर यंत्राच्या पातळीवरच वाटणी आली, १९९९ मध्ये एएस/४०० वर, २००१ मध्ये पीसिरीज ६९० वर. त्या ६९० मध्ये वाटणी अख्ख्या प्रोसेसरांची होती, त्यामुळे उतारा वाचायला सोपा होता. कोअरचे दशांश आले आणि आकडे गोंधळायला लागले.

हार्डवेअरकडे वळू, कारण मला स्वतःला हा भाग सर्वात आवडतो. ‘एलएससीएफजी’ हा आदेश प्रत्येक साधनाचा पत्ता सांगतो. पत्ता असा दिसतो: यू८२३३.ई८बी, मग यंत्राचा अनुक्रमांक, मग व्ही५-सी२-टी१. डावीकडून वाचायचा. पहिला भाग पेटीचा नमुना, इथे पॉवर ७५०. मग ती पेटी नेमकी कुठली ते. मग व्ही५, म्हणजे पाचव्या क्रमांकाच्या पार्टिशनमधलं आभासी साधन. सी२ म्हणजे दोन नंबरची खाच, टी१ म्हणजे तिचं पहिलं तोंड. पोस्टमन अग्रसेन चौकातून आमच्या गल्लीत वळतो, मग घर, मग मजला, तसाच हा प्रवास. आणि पत्त्यात व्हीच्या जागी पी असेल तर ते साधन खरं आहे, हाताने काढता-घालता येईल असं. पी म्हणजे मुख्य पाटी, तिच्यावर सी म्हणजे कार्ड.

एका अक्षराने इतका फरक पडतो. व्ही असलेली डिस्क बिघडली तर आत कितीही शोधा, बिघाड सापडणार नाही, कारण ती डिस्क दुसऱ्या एका पार्टिशनकडून उसनी आलेली असते. व्हीआयओएस नावाचं ते पार्टिशन खरी कार्डं आणि खऱ्या डिस्क सांभाळतं आणि इतरांना त्यांच्या सावल्या देतं. तिथे जाऊन ‘एलएसमॅप’ चालवला की कोणती सावली कोणत्या वस्तूची हे कळतं.

पेटीच्या अनुक्रमांकाचा आणखी एक उपयोग आहे. मुख्य पार्टिशन आणि त्याचं राखीव पार्टिशन, दोन्हीकडचा अनुक्रमांक काढून शेजारी ठेवा. सारखा निघाला तर दोघं एकाच पेटीत राहताहेत, आणि पेटी गेली की दोघंही जाणार. मी हे स्वतः पाहिलं आहे. कागदावर राखीव व्यवस्था उत्तम होती, नावं वेगळी, क्रमांक वेगळे, पत्ते वेगळे, आणि पेटी एकच. त्या दिवशी माझे हातपाय गार पडले होते. शिवाय हे एकदा तपासून भागत नाही. पॉवर६च्या काळापासून, म्हणजे २००७ पासून, चालू पार्टिशन एका पेटीतून दुसऱ्या पेटीत हलवता येतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. काल वेगळ्या घरांत असलेली दोघं आज एकाच छपराखाली आलेली असू शकतात.

मेमरीची गोष्ट थोडक्यात. उताऱ्यात किमान, हवी असलेली आणि कमाल असे तीन आकडे असतात. कमाल म्हणजे चालू पार्टिशनमध्ये न थांबवता जिथवर वाढवता येईल ती हद्द. ही हद्द फुकट आहे असं समजून लोक ती भरमसाट ठेवतात. पण कमाल मेमरीच्या प्रमाणात हायपरव्हायजर पानांच्या नोंदवहीसाठी जागा आधीच अडवून ठेवतो, आणि पॉवर यंत्रांवर ती बराच काळ ६४वा हिस्सा धरली जात असे. कमाल २५६ गिगाबाइट लिहिली की ४ गिगाबाइट गेली, भले पार्टिशन ३२ वरच चालत असेल. ही गेलेली मेमरी पार्टिशनच्या आतून दिसत नाही. ती फक्त बाहेरून दिसते.

बाहेरून म्हणजे हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोलमधून. एचएमसी म्हणतात त्याला. हा वेगळा संगणक, सगळ्या पेटीचा नकाशा याच्याकडे. आत प्रणालीला विचारलं तर ती आत्ता जे मिळतंय ते सांगते, एचएमसी कोणाला काय दिलंय ते सांगतो. आणि एचएमसीकडेही दोन वह्या असतात. एक चालू स्थितीची, दुसरी प्रोफाइलची. प्रोफाइल म्हणजे पार्टिशन नव्याने उभं करताना जे वाचलं जातं ते टिपण. दोन्ही वह्या जुळतीलच असं नाही.

ज्यांच्याकडे पॉवर यंत्र नाही, लिनक्सचं भाड्याचं आभासी यंत्र आहे, त्यांनीही हा उतारा काढावा. ‘एलएससीपीयू’ दिला की हायपरव्हायजर कोणाचा ती ओळ येते. ती आली म्हणजे तुम्ही वाटणीच्या घरात आहात. मग ‘टॉप’ उघडा आणि प्रोसेसरच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ अक्षरांमागचा आकडा बघा. तुमचं काम धावायला तयार होतं, पण तेवढा वेळ कोअर दुसऱ्याला दिला होता, त्याची ती टक्केवारी. काही हायपरव्हायजर हा आकडा आत कळूच देत नाहीत, म्हणून तिथे शून्य दिसलं की लगेच निर्धास्त होऊ नका. पण तो सतत चढा असेल तर आपल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधत रात्री घालवू नका. मे २०२५ मध्ये इथे नवा रायपूरला डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. यंत्रं उद्या आपल्या गावात आली तरी बहुतेकांच्या वाट्याला पेटी येणार नाही, पेटीतला हिस्साच येणार.

पुतण्याने पत्र बदललं. चार प्रोसेसरांऐवजी हक्काची क्षमता ०.४० वरून वाढवून मागितली. प्रोफाइलमधली कमाल क्षमता १.०० होती, म्हणून तिथवर चालू स्थितीतच नेता आली, एकदाही यंत्र न थांबवता. पुढची महिनाअखेर सुरळीत गेली आणि जाऊबाईंनी त्या सकाळी आमच्याकडेही पोहे पाठवले.

सहा आठवड्यांनी तिकडे देखभालीसाठी सगळी पेटी बंद करून पुन्हा सुरू केली. दुसऱ्या दिवशी पुतण्या दोन कागद घेऊन खाली आला. एक आधी काढलेला उतारा, एक त्या सकाळचा. माझ्या सांगण्यावरून तो आता दर देखभालीनंतर नवा काढतो आणि जुन्याशेजारी ठेवतो. मेमरी तीच, पत्ते तेच, अनुक्रमांक तोच. हक्काच्या क्षमतेच्या ओळीखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती. एका कागदावर १.००, दुसऱ्यावर ०.४०.

‘‘प्रोफाइल बदलायचं राहिलं होतं, काकू,’’ तो म्हणाला. महिनाअखेरीला नऊ दिवस बाकी होते. दुरुस्तीचं पत्र त्याने आधीच पाठवलं होतं.

(पुढील लेखांकात : व्हीआयओएस, आणि एका डिस्कच्या सावल्या किती जणांना देता येतात.)