पाण्यावरची वळणं (लेखांक ९) : उताणी मूठ, पालथी मूठ

आजचा लेख वाचण्याआधी स्वयंपाकघरातून एक लाटणं आणा. त्याच्या दोन्ही टोकांना सुती दोरी बांधा, दोरीचा मध्य खिडकीच्या गजाला अडकवा आणि लाटणं दोन्ही हातांनी धरून हलकेच मागे रेला. वॉटर स्कीइंगच्या स्लॅलममध्ये बोटीच्या दोराला जे हँडल असतं तेही साधारण एवढंच असतं: फुटाहून जरासं लांब, धातूच्या नळीवर रबराचं वेष्टण, आणि दोन्ही टोकांपासून निघून पुढे एकत्र येणारा दोर.

आता तुमच्या हातांकडे बघा. बहुतेकांचे दोन्ही तळहात पालथे असतील. एक हात सोडा आणि खालून आणून उताणा धरा. काय झालं? त्या हाताचं कोपर आपोआप बरगडीकडे आलं आणि खांदा खाली बसला. दुसऱ्या, पालथ्या हाताचं कोपर अजून बाहेरच्या बाजूला आहे. बोटीमागे दोर धरायची रूढ पद्धत हीच, एक मूठ उताणी आणि एक पालथी. अमेरिकेत हिला बेसबॉल ग्रिप म्हणतात. जिममध्ये जाणाऱ्या वाचकांनी जड डेडलिफ्ट उचलताना हीच पकड पाहिली असेल. कारणही तेच. दोन्ही मुठी पालथ्या असल्या की दांडा बोटांच्या उघड्या बाजूकडे गडगडू पाहतो आणि बोटं दमली की निसटतो. एक मूठ उलटी केली की एका हातातून निसटू पाहणारा दांडा दुसऱ्या हातात घट्ट बसतो.

हा प्रश्न या खेळाच्या जन्मापासूनचा मात्र नाही. १९२२ साली मिनेसोटातल्या लेक सिटी गावात अठरा वर्षांच्या राल्फ सॅम्युएलसनने पाइनच्या फळ्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यातल्या उकळत्या पाण्यावर वाकवली आणि लेक पेपिनवर तो पहिल्यांदा स्कीवर उभा राहिला, ही हकिगत पहिल्या लेखांकात आली आहे. त्याने दोराच्या टोकाला लोहाराकडून करून घेतलेली लोखंडी कडी लावली होती. कडीला कुठला उताणा आणि कुठला पालथा! हा प्रश्न आला तो आडवा दांडा आल्यावर, आणि त्याला धार चढली ती एकाच स्कीवर डावी-उजवी वळणं घेणं सुरू झाल्यावर.

थोडे आकडे पुन्हा डोळ्यांसमोर आणू. स्लॅलमचा मार्ग २५९ मीटरचा. बोट मधून सरळ जाते आणि स्कीअर सहा बोयांना बाहेरून वळसा घालतो. तीन बोये उजवीकडे, तीन डावीकडे, प्रत्येक बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटर अंतरावर. पुरुषांचा सर्वाधिक वेग ताशी ५८ किलोमीटर, म्हणजे सगळा मार्ग १६.०८ सेकंदांत संपतो. एका बोयापासून पुढच्या बोयापर्यंत बोट ४१ मीटर पुढे सरकते, त्याला अडीच सेकंद लागतात. त्या अडीच सेकंदांत स्कीअरला पाण्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २३ मीटर आडवं जायचं असतं.

प्रत्येक बोयाला तो एक हात सोडतो.

हे का, ते नीट समजून घ्यायला हवं. उजवीकडच्या बोयाला वळताना बोट स्कीअरच्या डाव्या बाजूला असते. तो उजवा हात सोडतो आणि डावा हात हँडलसकट बोटीच्या दिशेने लांब पसरतो. दोन्ही हात हँडलवर ठेवले तर छाती बोटीकडे ओढली जाते आणि पोच कमी पडते. एक हात सुटला की खांदा, दंड, मनगट असं सगळं एका रेषेत येतं आणि अंगाची लांबी दोराच्या लांबीत मिळवता येते. १८.२५ मीटरच्या दोरावर ही चैन वाटते, पण १०.२५ मीटरच्या दोरावर हिशेब करून बघा. बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर आणि दोर १०.२५ मीटरचा. दोर बोटीला अगदी काटकोनात आला तरी सव्वा मीटर कमी पडतो. तो सव्वा मीटर स्कीअरच्या शरीरातून यायचा असतो. अमेरिकेच्या नेट स्मिथने २०१३ साली लुइझियानातल्या कोव्हिंग्टन इथे ९.७५ मीटरच्या दोरावर अडीच बोये घेऊन विश्वविक्रम केला, तेव्हा ही तूट पावणेदोन मीटरची होती. ती एका पसरलेल्या हाताने आणि पाण्यावर जवळजवळ आडव्या झालेल्या देहाने भरून काढली. मला या खेळात याहून सुंदर दुसरं काही दिसत नाही.

तर सोळा सेकंदांत सहा वेळा हात सुटतो आणि सहा वेळा परत येतो. उजवीकडच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोयाला उजवा हात, डावीकडच्या दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या बोयाला डावा. पकड बदलणं इतकं अवघड का जातं, याचं उत्तर या हिशेबात आहे. मला ते उशिरा कळलं.

माझा उजवा पाय पुढे असतो. उजवा पाय पुढे, डावा मागे असं एकाच स्कीवर उभं राहिलं की कंबर किंचित डावीकडे उघडते. त्यामुळे डावीकडे घ्यायची वळणं, म्हणजे उजवीकडच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोयाची, अंगाला सोपी जातात. उजवीकडच्या वळणाला कंबर विरुद्ध दिशेला बघत असते, म्हणून ती बाजू कच्ची. पहिल्या दिवशी ज्यांनी मला हँडल हातात दिलं, त्यांनी सोयीचं वाटेल तसं धर एवढंच सांगितलं. मी डावी मूठ उताणी धरली आणि उजवी पालथी, आणि चार वर्षं तशीच धरली. परिणाम असा की कच्च्या बाजूला, दुसऱ्या आणि चौथ्या बोयाला, मी पालथ्या उजव्या हाताने लोंबकळायचो. कोपर बाहेर, खांदा कानाशी, आणि दोराला ताण आला की उजवा खांदा आधी बोटीकडे ओढला जायचा. हँडल कमरेशी यायच्या ऐवजी छातीसमोर राहायचं. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू झालं आणि ते दोन मोसम टिकलं.

कोणत्या पायाला कोणती मूठ उताणी असावी, याचा सगळ्यांना लागू पडेल असा नियम नाही. वरच्या पातळीवर दोन्ही तऱ्हेचे खेळाडू आहेत. माझं मत मात्र ठाम आहे. कच्च्या बाजूला जो हात एकटा हँडल धरतो, त्याची मूठ उताणी असावी. चांगली बाजू पालथ्या मुठीने निभावून नेता येते, कारण तिथे कंबर मदतीला असते.

मी पकड बदलायची ठरवली, तेव्हा वाटलं की दोन दिवसांचं काम आहे. धरायचं ते उलटं धरायचं, आणखी काय! फ्लोरिडातल्या आमच्या तळ्यावर सकाळी सातला मी नव्या पकडीने पाण्याबाहेर आलो, उजवी उताणी, डावी पालथी. सगळं छान वाटत होतं. सहा बोयांपैकी चार झाले, पडलो. दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा माझी मुलगी बोटीत निरीक्षक म्हणून मागे तोंड करून बसली होती. परत आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तू नव्या पकडीने सुरुवात करतोस, पण तिसऱ्या बोयाला जाताना जुनीच असते."

माझा विश्वास बसेना. मग तिने काढलेला व्हिडिओ आम्ही सावकाश बघितला.

पहिल्या बोयाला उजवा हात सुटला. डावा पालथा हात एकटाच हँडल धरून होता, बरोबर. वळण झालं, उजवा हात परत आला, पण चार वर्षांच्या सवयीने वरून आला. दांड्यावर पालथा बसला. आता दोन्ही मुठी पालथ्या. बोटीमागच्या दोन लाटा ओलांडून मी पलीकडे गेलो. दुसऱ्या बोयाला डावा हात सुटला, आणि तोही सवयीप्रमाणे खालून, उताणा परतला. झालं! उजवी पालथी, डावी उताणी. दोन बोयांत, पाच सेकंदांत, माझ्या नकळत माझ्या हातांनी जुनी पकड परत आणली होती. हँडल एकदाही हातातून सुटलं नव्हतं.

तेव्हापासून मी शिकणाऱ्या प्रत्येकाला हे आवर्जून सांगतो. धरलेला हात जुनी सवय विसरू शकतो, सुटलेला हात विसरत नाही. हँडल धरून लाख वेळा मागे रेललात तरी नवी पकड बसणार नाही, कारण तुम्ही सराव करताय तो धरण्याचा आणि सवय दडलेली असते परतण्याच्या वाटेत. उताणी मूठ दांड्याला खालून भेटते, पालथी वरून. म्हणजे मोकळा हात हवेत असताना त्याचा सगळा मार्गच बदलायला हवा. पूर्वी माझा उजवा हात खांद्याच्या उंचीवर मागे राहायचा आणि वरून झडप घालावी तसा खाली यायचा. आता त्याला मांडीजवळून, खालून झुलत यायचं होतं.

हे पाण्यावर शिकता येत नाही, तिथे वेळच नाही. म्हणून पुन्हा लाटण्याकडे. खरं हँडल असेल तर ते झाडाला किंवा दाराच्या मजबूत कडीला कमरेच्या उंचीवर बांधा. मागे रेला, एक हात सोडा, लांब पसरा, मग कंबर हँडलकडे न्या. हँडल ओढून कमरेकडे आणायचं नाही, ही चूक सगळेच करतात. कंबर हँडलपाशी पोचली की मोकळा हात खालून आणा आणि धरा. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. मी रोज दहा मिनिटं हे करायचो, सकाळचा चहा उकळेपर्यंत पाच आणि रात्री जेवणानंतर पाच. महिनाभर पाण्यावर गेलोच नाही. ऐन मोसमात तळं समोर असताना न जाणं फार जड गेलं.

उताण्या मुठीबद्दल एक सावधगिरी मनापासून सांगायची आहे. उताणा हात वाकवून दोर ओढायचा मोह होतो, कारण त्या स्थितीत दंडाचा स्नायू जोरात असतो. डेडलिफ्टमध्ये उताण्या हाताच्या दंडाचा कंडरा कोपराशी तुटण्याच्या दुखापती वैद्यांना चांगल्या माहीत आहेत, आणि त्यात कोपर वाकवून खेचण्याची सवय अनेकदा कारण ठरते. हात सरळ ठेवा, भार पाठीवर आणि पायांवर येऊ द्या. दुसरी गोष्ट हँडलची. दोराचे दोन फाटे हँडलशी त्रिकोण करतात. पकड चाचपडत असताना दोर सैल पडला आणि हात त्या त्रिकोणातून आत गेला, तर पुढच्या क्षणी दोर ताठ होतो. त्या त्रिकोणात जाळी बसवलेली हँडलं मिळतात. पकड बदलण्याच्या काळात तरी जाळीचं हँडल वापराच.

महिन्यानंतर पाण्यावर गेलो तेही बोयांच्या मार्गावर नाही. मोकळ्या पाण्यात, सगळ्यात लांब दोरावर, ताशी ४८ किलोमीटरच्या वेगाने. पाण्यातून उठतानाच नवी पकड धरलेली, म्हणजे वर आल्यावर बदलायचा प्रश्न नको. आणि उजव्या हातमोज्याच्या पाठीवर मी एक पांढरा ठिपका रंगवला होता. मूठ उताणी असली की हाताची पाठ पाण्याकडे असते, ठिपका दिसत नाही. ठिपका दिसला की समजायचं, हात वरून आला. पहिल्या दिवशी तो कितीदा दिसला ते मोजणं मी सोडून दिलं. दुसऱ्या आठवड्यात तो दिसताच पोटात धस्स व्हायला लागलं, हीच खरी प्रगती होती. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा बोयांच्या मार्गावर आलो.

त्या सकाळचा व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. पहिला बोया स्वच्छ, दुसराही. तिसऱ्यानंतर उजवा हात परतला आणि चकचकीत पांढरा ठिपका वर आला. दोन्ही मुठी पालथ्या. मला तेव्हा कळलंसुद्धा नव्हतं, व्हिडिओत दिसलं. चौथ्या बोयाला डावा हात सुटला, पसरलेला उजवा हात ठिपका आभाळाकडे करून एकटा लोंबत होता. आणि डावा हात परतला तो वरून, पालथाच. पाचव्याला उजवा हात मांडीजवळून झुलत आला आणि ठिपका गेला.

(पुढच्या आठवड्यात : पहिल्या बोयाच्या आधीचं फाटक, आणि तिथे शिरण्याची वेळ)