इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजी कोण शिकवतं?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की वस्तीतली मुलं आणि त्यांचे पालक कागदांच्या पिशव्या घेऊन आमच्याकडे येतात. जात वैधता झाली का, फ्रीशिप मिळेल की स्कॉलरशिप, वसतिगृहात नंबर लागेल का, कॉम्प्युटर घ्यावं की सिव्हिल, प्लेसमेंट कुठलं चांगलं. सगळे प्रश्न रास्त आहेत. पण तिथे इंग्रजी कोण शिकवतं, हे आजवर कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही तो प्रश्न बरीच वर्षं सुचला नव्हता.

सुचला तो एका मुलामुळे. जालना जिल्ह्यातला, मराठी माध्यमातून शिकलेला, गणितात पक्का. छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला आणि पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले. त्याच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत आम्ही एकत्र बसून पाहिली. प्रश्नात 'जस्टिफाय' म्हटलं होतं, म्हणजे कारण देऊन सिद्ध कर. त्याने नुसती व्याख्या लिहिली होती. 'डिस्टिंग्विश' म्हटलं तिथे फरक न दाखवता दोन्हींची वेगवेगळी माहिती दिली होती. विषय त्याला येत होता, प्रश्नाचं क्रियापद कळलं नव्हतं.

इंजिनिअरिंग कॉलेजातल्या इंग्रजीच्या शिक्षकाचं काम नेमकं इथे असतं. हा शिक्षक बहुधा इंग्रजी साहित्यात एम.ए., नेट किंवा सेट झालेला असतो. पण इथे त्याला कविता शिकवायची नसते. 'डिराइव्ह', 'व्हेरिफाय', 'कम्पेअर' म्हटल्यावर काय लिहायचं, प्रयोगाचा अहवाल 'मी केलं' असा न लिहिता कर्मणी प्रयोगात का लिहितात, आलेख शब्दांत कसा मांडायचा, तोंडी परीक्षेत उत्तर येत नसेल तर गप्प न राहता काय बोलायचं, असं सगळं त्याच्याकडे असतं. पुढे गटचर्चा, रेझ्युमे आणि मुलाखतीची तयारीही त्याच्याच गळ्यात पडते.

यासाठी वेळ किती? एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंग्रजीला आठवड्याला २ तास वर्ग आणि २ तास प्रयोगशाळा दिली आहे. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर साठ तास. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाला ते जास्त वाटतात, आपल्या मुलांना अपुरे. त्यातही अनेक ठिकाणी शिक्षक तासिका तत्त्वावरचा, सत्र संपलं की करार संपला. कोणत्या मुलाला काय अडतं हे त्याच्या लक्षात येईपर्यंत त्याची दुसरीकडे जायची वेळ झालेली असते. भाषेची लॅब असते, हेडफोन असतात, पण बऱ्याचदा त्यावरची धूळ तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशीच पुसली जाते.

यापेक्षा मोठा खड्डा पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांच्या वाटेत आहे. आपल्या समाजातली कितीतरी मुलं याच वाटेने येतात, कारण दहावीनंतर तीन वर्षांत हाताला काम मिळू शकतं. तंत्रशिक्षण मंडळाने पदविकेला मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय दिला, ते चांगलंच झालं. पण पदवीला हा मुलगा सरळ दुसऱ्या वर्षात बसतो आणि इंग्रजीचा पेपर असतो पहिल्या वर्षाला. म्हणजे ज्याला त्या शिक्षकाची सर्वांत जास्त गरज, त्याची त्याच्याशी वर्गात गाठच पडत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, मग इंजिनिअरिंगच मराठीतून करा. २०२१-२२ पासून तशी परवानगी आहे आणि पुण्याच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने मराठीतून वर्ग सुरूही केला. आमचा त्याला विरोध नाही. पण वाळूज, शेंद्र्याच्या कंपनीत मशीनचं मॅन्युअल इंग्रजीत येतं आणि मोठ्या पदाची मुलाखतही. संकल्पना मराठीत समजावी आणि इंग्रजी सुटू नये, या दोन्ही गोष्टी एकदम मागायला हव्यात.

या शहराला इंग्रजीच्या शिक्षकाचं मोल नव्याने सांगायची खरं तर गरज नाही. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद झालं. त्या नागसेनवनात डॉ. म. ना. वानखेडे इंग्रजी शिकवत. अमेरिकेतून पीएच.डी. करून आल्यावर त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याची चर्चा इथल्या मुलांपर्यंत आणली, आणि दलित साहित्याच्या उभारणीत तिचा मोठा वाटा राहिला. खेड्यातून आलेल्या मुलांना त्या भाषेने जगाशी जोडलं होतं. आज आपण शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढतो, वसतिगृहासाठी उपोषणाला बसतो, ते केलंच पाहिजे. पण इंग्रजीची पूर्णवेळ जागा भरा, असं निवेदन आमच्यासकट कुणी दिल्याचं आम्हाला आठवत नाही.

यंदा कॅपचा विकल्प अर्ज भरताना आम्ही एक काम वाढवलं आहे. प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर 'मँडेटरी डिस्क्लोजर' टाकावं लागतं, त्यात शिक्षकांची यादी असते. ती उघडून इंग्रजीसमोर नाव आहे का आणि तो शिक्षक नियमित आहे की तासिकेवर, एवढं पाहायचं. यादी जुनी वाटली तर कॉलेजात फोन करायचा. थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांनी आणखी एक विचारायचं: आम्हाला पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या लॅबला बसू द्याल का? गेल्या आठवड्यात एका मुलीने हे विचारलं. पलीकडच्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, पण शनिवारी ये.