पट्टा बांधला, पुढे काय?

पुढच्या महिन्यात बहारीन सोडते आहे. निरोप घ्यायला एका ओळखीच्या काकूंकडे गेले. खुब्याचा सांधा बदलून तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या, कमरेपासून मांडीपर्यंत बिजागरीचा पट्टा. "आता हा आहे ना, काळजी नाही," म्हणत त्या बुटक्या सोफ्यावर टेकू लागल्या, तशी मी धावले. पट्टा वर सरकलेला होता. कसं बसायचं, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

१९९५ला मी इथे फिजिओथेरपिस्ट म्हणून आले. पहिली वर्षं शेक देण्यात गेली. खरं काम शिकले ते १९९८ ते २००८ या दहा वर्षांत. मी नागपूरची, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आमच्या विदर्भातही आहे; पण त्याने मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून तिशीतल्या तरुणाचा खुबा बदलावा लागतो, हे मी इथे पाहिलं. २००४मध्ये इथे लग्नाआधीची रक्ततपासणी कायद्याने सक्तीची झाली, ती उगीच नाही.

तेव्हा रुग्ण बरेच दिवस वॉर्डात असे. पायांमध्ये उशी, खुबा नव्वद अंशांपलीकडे वाकवायचा नाही, पायावर पाय नाही, पाऊल आत वळवायचं नाही. नमाज खुर्चीवर, आपल्याकडची पूजाही खुर्चीवर. घरच्यांनाही शिकवायचं, पलंगाखाली ठोकळे लावायला सांगायचं. मग वॉकर घेऊन "शुवै शुवै", म्हणजे हळूहळू, करत व्हरांडाभर चालवायचं.

एका ज्येष्ठ सर्जनांचा मात्र सरसकट पट्ट्याचा आग्रह. २००४मध्येच एक अभ्यास आला: सांधा एकदा निखळलेल्यांत पट्टा बांधलेले आणि न बांधलेले, दोघांचाही पुन्हा निखळण्याचा धोका जवळपास सारखाच. जुन्या नोंदींवरचा अभ्यास, अखेरचा शब्द नव्हे. तरी मी तो पुढे ठेवला, तर "आपलं काम करा" असं ऐकावं लागलं. ते अजून सलतं. वारंवार निखळणारा सांधा किंवा पथ्य लक्षात न राहणारा रुग्ण असेल, तर मीही पट्टा बांधते. पण तो मांसावर बसतो, सांध्याला धरत नाही. सांध्याला धरतात भोवतालचे स्नायू, आणि ते चालण्याने सशक्त होतात. पुढे काही शस्त्रक्रियांत पथ्यंही सैल चालतात असं दिसलं, तेव्हा मीही माझे नियम सैल केले.

चालवायला लागतो तो वेळ आता कापला गेलाय. पट्टा बिलात दिसतो, तो अर्धा तास दिसत नाही.

काकूंना उंच खुर्ची आणून दिली. सून शेजारी उभी राहिली. खिडकीपर्यंत अकरा पावलं झाली. उद्या सकाळी पुन्हा जाणार आहे.