पंचायतीपाशी थांबलेली केबल : ग्रामीण ब्रॉडबँडविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

देशातल्या खेड्यांपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी घेतला. नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क असे योजनेचे नाव होते. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती तालुक्याच्या ठिकाणाशी जोडायच्या, खर्च साधारण २० हजार कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षे, असा तो आराखडा होता. कामासाठी २०१२ मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि २०१५ मध्ये योजनेला भारतनेट हे नाव मिळाले. ठरलेली मुदत उलटून दशकाहून अधिक काळ गेला, तरी काम सुरूच आहे. या काळात गावोगावी संताप साचला आणि त्याबरोबर काही समजुतीही रुजल्या. त्यांतल्या काही साफ चुकीच्या आहेत, तर काही अर्धवट खऱ्या, आणि अर्धवट खऱ्या समजुतींनीच अधिक नुकसान केले आहे.

गावात फायबर आली म्हणजे घरोघरी वेगवान इंटरनेट आले, ही त्यांतली सर्वांत पसरलेली समजूत. भारतनेटची मूळ आखणी घरांसाठी नव्हतीच. तालुक्यापर्यंत बीएसएनएल, रेलटेल, पॉवरग्रिड या सरकारी कंपन्यांची आधीची केबल वापरायची, नवी केबल फक्त तिथून ग्रामपंचायतीपर्यंत टाकायची, असे ठरले. तालुक्याच्या दूरध्वनी केंद्रात ओएलटी नावाचे यंत्र आणि पंचायतीच्या कार्यालयात किंवा जवळच्या सरकारी इमारतीत ओएनटी नावाची छोटी पेटी बसवली, की योजनेच्या हिशेबात काम पूर्ण. पंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी खासगी सेवादार, गावातले केबलचालक किंवा सामाईक सेवा केंद्रे करतील, असे गृहीत धरले होते. वाड्यावस्त्यांत विखुरलेली घरे, दर जोडणीमागे जास्त खर्च, मोजके ग्राहक आणि मागची मुख्य लाइन कधी बंद पडेल याचा भरवसा नाही, अशा स्थितीत पैसा गुंतवायला फार थोडे पुढे आले. कालवा गावाच्या शिवेपर्यंत आला आणि पोटचाऱ्या खोदायच्या राहूनच गेल्या, तसा हा प्रकार आहे.

आकडे हेच सांगतात. २०२५ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार २ लाख १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायती सेवेसाठी सज्ज झाल्या होत्या आणि जवळपास ७ लाख किलोमीटर केबल टाकून झाली होती. त्याच वेळी या जाळ्यावरून घरांना दिलेल्या फायबर जोडण्या सुमारे १२ लाख होत्या. म्हणजे एका ग्रामपंचायतीमागे सरासरी सहासुद्धा नाहीत. शेकडो घरांच्या गावात ही संख्या नगण्य आहे. ग्रामीण ब्रॉडबँडच्या रखडण्याचे मर्म या दोन आकड्यांमधल्या दरीत आहे. केबल पुरण्याच्या कामाचे लक्ष्य होते, ती सतत चालू ठेवण्याचे आणि घरात नेण्याचे काम मात्र बराच काळ कोणाच्याच माथी पक्के नव्हते.

यावरून सरकारी आकडे खोटे असतात असा निष्कर्ष काढला जातो. तोही नेमका नाही. ‘सेवेसाठी सज्ज’ याचा अर्थ यंत्रे बसली, केबल जोडली आणि तपासणीच्या वेळी प्रकाशाचा संकेत दुसऱ्या टोकाला पोहोचला. ती पेटी आज चालू आहे का, हे त्या शब्दांतून कळत नाही. गावात वीज गेली आणि बॅटरी उतरली, पंचायतीचे कार्यालय कुलूपबंद राहिले, वीजबिल थकून जोडणी तुटली किंवा वाटेत केबल तुटली, यांपैकी काहीही झाले तरी सज्ज गाव बंदच राहते. आकडा खरा आणि गावकऱ्याची तक्रारही खरी, असे दोन्ही एकाच वेळी असू शकते. सज्ज पंचायतींबरोबर प्रत्यक्ष चालू पंचायतींची संख्याही तितक्याच ठळकपणे दर महिन्याला जाहीर व्हायला हवी.

केबल वारंवार तुटण्याचा दोष फायबरच्या नाजूकपणावर टाकला जातो. पाण्याने किंवा विजेच्या तारांमुळे फायबर बिघडते, असेही सांगतात. काचेच्या तंतूतून वीज नव्हे तर प्रकाश जातो, त्यामुळे विजेच्या तारांचा आणि गडगडाटाचा त्याच्या संकेतावर परिणाम होत नाही. तांब्याच्या दूरध्वनी तारांना होणारा त्रास इथे कमी असतो. दीड मीटरहून खोल, प्लॅस्टिकच्या पाइपातून नेलेली केबल वर्षानुवर्षे टिकते. ती तुटते ती बहुतेक वेळा जेसीबीने. रस्तारुंदीकरण, पाणीपुरवठ्याची पाइपलाइन, गटाराचे काम, शेताचे सपाटीकरण यांत खालून जाणाऱ्या केबलची कोणालाच कल्पना नसते. खोदणाऱ्याने आधी केबलमालकाला कळवावे यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू झाले. ते कामाचे आहे, पण खोदणाऱ्या ठेकेदाराने वापरले तरच. जिथे केबल ठरलेल्या खोलीपेक्षा वर पुरली गेली, तिथे तर नांगराचाही धोका.

पण एका ठिकाणी केबल तुटल्याने अनेक गावे एकदम का बंद पडतात, याचे उत्तर रचनेत आहे. सुरुवातीचे जाळे सरळ रेषेचे होते: तालुक्यातून निघालेली केबल फांद्या फुटत गावांपर्यंत गेली. अशा मार्गावर तालुक्याजवळ एक घाव बसला की पुढची सगळी गावे अंधारात. वर्तुळाकार रचनेत, म्हणजे रिंगमध्ये, एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने संकेत पोहोचतो. ही गोष्ट दूरसंचार अभियंत्यांना नवी नव्हती. कमी केबलमध्ये काम भागावे म्हणून सरळ रेषा निवडली गेली आणि त्या बचतीची किंमत गावांनी मोजली. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ही चूक दुरुस्त करण्याची तरतूद आहे. त्यात पंचायती रिंगने जोडायच्या आहेत, तालुका आणि पंचायत अशा दोन्ही ठिकाणी राउटर बसवायचे आहेत आणि दहा वर्षे देखभाल करायची आहे. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडणी देण्याचे लक्ष्यही त्यात आहे. मंजूर रक्कम १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये, म्हणजे २०११ च्या अंदाजाच्या जवळजवळ सातपट. देखभाल हा कामाचाच भाग आहे, हे कागदावर यायला बारा वर्षे लागली.

पैशाअभावी उशीर झाला, ही समजूत मात्र टिकत नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम ग्रामीण सेवेसाठी वेगळी काढली जाते. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती करून युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड उभारला गेला. आता तो डिजिटल भारत निधी या नावाने ओळखला जातो. ग्राहकाच्या बिलातून अप्रत्यक्षपणे येणारा हा पैसा वर्षानुवर्षे पुरता खर्च झाला नाही. कमी पडली ती खर्च करण्याची क्षमता आणि स्थिर धोरण. पहिले गृहीतकच चुकले: सरकारी कंपन्यांची तालुक्यापर्यंतची जुनी केबल अनेक ठिकाणी जीर्ण निघाली. २०१४ च्या मध्यापर्यंत जोडलेल्या पंचायती शंभराच्याही आत होत्या. एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये संपला. दुसऱ्या टप्प्याची मुदत मार्च २०१९ होती, ती पुन्हा पुन्हा वाढली. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून सहा लाखांहून अधिक गावे १००० दिवसांत जोडण्याची घोषणा झाली. २०२१ मध्ये १६ राज्यांसाठी खासगी भागीदारीची १९,०४१ कोटींची योजना मंजूर झाली, पण निविदांना प्रतिसाद मिळाला नाही आणि ती गुंडाळावी लागली. जुलै २०२२ मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही कंपनीच बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. दर वळणावर आराखडा, जबाबदार संस्था आणि कंत्राटे बदलली, आणि प्रत्येक बदलात वर्षे गेली.

महाराष्ट्रात यात आणखी एक गुंता आहे. भारतनेट म्हणजे बीएसएनएल असे सरसकट मानले जाते. पहिल्या टप्प्याचे काम राज्यात बीएसएनएलने केले, पण दुसऱ्या टप्प्यात आठ राज्यांनी काम स्वतःकडे घेतले आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक. हे काम महानेट या नावाने, राज्य सरकारच्या महाआयटी या कंपनीमार्फत झाले. त्यामुळे राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींपैकी कोणती कोणाच्या जाळ्यावर आहे, हे खुद्द सरपंच-ग्रामसेवकांना ठाऊक नसते आणि बिघाडाची तक्रार चुकीच्या दारात जाते.

चर खणायला असा किती वेळ लागतो, हा प्रश्न रागाने विचारला जातो. खोदाईला वेळ कमीच लागतो, परवानग्यांना जास्त. एकाच केबलच्या वाटेत राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभागाचा रस्ता, जिल्हा परिषदेचा रस्ता, जलसंपदा विभागाचा कालवा, वन विभागाची जमीन आणि रेल्वेचे रूळ येऊ शकतात. प्रत्येकाची परवानगी, शुल्क आणि रस्ता पूर्ववत करण्याची अट वेगळी. मार्गाधिकाराचे नियम २०१६ मध्ये आले, त्यांच्या जागी नव्या दूरसंचार कायद्याखालचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यात भर दख्खनच्या काळ्या पाषाणाची आणि सह्याद्रीच्या घाटांची. पावसाळ्यात खोदकाम जवळपास थांबतेच. जिथे पुरणे अवघड आहे, तिथे खांबांवरून केबल नेता येते. ती लवकर टाकता येते, पण वादळात लवकर पडतेही.

गाव शहरापासून लांब आहे म्हणून वेग कमी, ही समजूत तांब्याच्या तारांच्या काळातली. त्या तारांवर अंतर वाढेल तसा वेग खरोखर घटायचा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. २०० किलोमीटर ओलांडायला एक हजारांश सेकंद पुरतो. गडचिरोलीतली फायबर मुंबईतल्या फायबरपेक्षा मुळात मंद नसते. वेग अडतो तो वाटपात. तालुक्यातल्या यंत्राच्या एका पोर्टची साधारण अडीच गिगाबिटची क्षमता ३२ किंवा ६४ जोडण्यांत वाटली जाते, आणि तिथून पुढे सेवादाराने किती बँडविड्थ विकत घेतली आहे त्यावर संध्याकाळचा वेग ठरतो. याशिवाय ‘१०० एमबीपीएस’ हे मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून अशा जोडणीवर फाइल सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरते. घरातल्या जाड भिंतींआड वायफाय आणखी मंदावते; खरा वेग मोजायचा तर संगणक राउटरला तारेने जोडून मोजावा. ब्रॉडबँड या शब्दाची सरकारी व्याख्याही दीर्घकाळ तोकडी होती. २००४ मध्ये किमान वेग २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर आला. विद्यार्थ्याच्या ऑनलाइन तासिकेला आणि घरातल्या दुसऱ्या फोनला एकाच वेळी २ एमबीपीएस पुरत नाहीत.

फाइव्ह-जी आले, उपग्रह इंटरनेट येते आहे, मग फायबरची गरजच काय, असा युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. मोबाइल टॉवर हवेतून फक्त शेवटचा टप्पा पार पाडतो. टॉवरपासून पुढे माहिती वाहून न्यायला बहुतेक फायबरच लागते. ती नसेल तर टॉवर मायक्रोवेव्हवर चालतो आणि गर्दीच्या वेळी कोंडी होते. फोनवर फाइव्ह-जीचे चिन्ह दिसूनही पान न उघडण्याचे एक कारण हेच. उपग्रहांविषयी बोलायचे तर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीच्या भूस्थिर उपग्रहावरून उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांनी ती अडचण पुष्कळ कमी केली आहे. सातपुड्यातल्या दुर्गम पाड्यांसाठी ही सोय मोलाची ठरेल. दाट वस्तीच्या गावांत मात्र एका उपग्रहाची क्षमता फार मोठ्या भूभागात वाटली जात असल्याने ती फायबरची जागा घेऊ शकत नाही.

‘खेड्यात मागणीच नाही’ हे विधान सर्वांत अन्यायकारक आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र घेऊन करायची ई-पीक पाहणी, रेशन दुकानात अंगठ्याने ओळख पटवणे, शिष्यवृत्तीचे आणि अनुदानाचे अर्ज, यूपीआय, ही सगळी कामे शासनाने आणि बाजाराने इंटरनेटवर नेली आहेत. त्यामुळे नेटवर्क नसणे म्हणजे करमणूक बुडणे नव्हे. धान्य, दाखला किंवा पीकविम्याची मुदत बुडणे आहे. जोडण्या कमी दिसतात त्या सेवा बेभरवशाची आहे म्हणून. महिन्यातले अनेक दिवस बंद राहणाऱ्या जोडणीचे मासिक शुल्क कोणतेही काटकसरी कुटुंब भरणार नाही, आणि त्यावरून गरज नसल्याचा निष्कर्ष काढणे चूक आहे.

तक्रारीबाबतही एक गैरसमज दूर व्हायला हवा. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था दर आणि सेवेचे दंडक ठरवते. एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा ती करत नाही. ग्राहकाने आधी सेवादार कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यायचा, समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे, आणि त्यानंतर दूरसंचार विभागाच्या सार्वजनिक तक्रार कक्षाकडे किंवा केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दाद मागायची. पंचायतीतली भारतनेटची पेटी बंद असेल तर ती नोंद ग्रामपंचायतीने करायची, कारण तिथे जोडणीधारक पंचायत असते. पेटी कोणाच्या जाळ्यावरची आहे, ती कोणत्या तारखेला बंद पडली, वीज चालू होती का आणि तक्रार क्रमांक काय, इतके तपशील ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवले, तर दहा वर्षांच्या देखभालीच्या अटीखाली ठेकेदाराला जाब विचारायला लेखी पुरावा हाती राहतो.