मुंबईची तळी व तळ्याकाठच्या बागा

मुंबईत धोबी तलाव या ठिकाणी आज धोबी नाहीत आणि तलावही नाही. गवालिया टँक येथे विस्तीर्ण मैदान आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'चा ठराव तेथे झाला म्हणून ते ऑगस्ट क्रांती मैदान झाले, परंतु गवळ्यांची गुरे ज्या पाण्यावर येत ते पाणी केव्हाच नाहीसे झाले होते. सी. पी. टँक हे नाव पत्त्यात लिहिणाऱ्या कित्येकांना ती अक्षरे कावसजी पटेल यांच्या नावाची आहेत, हेही ठाऊक नसते. समुद्राने तीन बाजूंनी वेढलेल्या या नगरीत एके काळी गोड्या पाण्याची तळी इतकी होती की, रस्त्यांना व मोहल्ल्यांना त्यांच्यावरून नावे पडली. ही तळी कशासाठी खोदली गेली, कशासाठी बुजविली गेली, आणि जी थोडी उरली ती कशाच्या बळावर उरली, हे समजून घेण्यात केवळ इतिहासाचे कुतूहल नाही. उरलेल्या तळ्यांचे भवितव्यही त्यातच गुंतलेले आहे.

बेटावरील माणसाची अडचण अशी की, त्याच्याभोवती पाणी अपार असते आणि पिण्याजोगे पाणी मोजके असते. मुंबईवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून धावत समुद्राला मिळतो. उरलेले आठ महिने काढावयाचे तर हे पाणी कोठेतरी अडविले पाहिजे, किंवा जमिनीत मुरविले पाहिजे. तळे ही दोन्ही कामे एकदम करते.

मुरलेल्या पाण्याची कथा मोठी मनोरंजक आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे चाळीसांश भागाने जड असते. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या भूमीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. भूगर्भातील गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० फूट खोलीपर्यंत खाऱ्या पाण्याला थोपवून धरण्याचे सामर्थ्य त्या पाण्यात येते. खडकाच्या जातीप्रमाणे व त्यातील भेगांप्रमाणे हे प्रमाण कमीअधिक होते. परंतु नियम हाच. याची उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. उपसा वाढून ती पातळी एक फुटाने खाली गेली, तर खालचे खारे पाणी ४० फूट वर सरकू शकते. किनाऱ्यावरील विहीर एकदा खारी झाली म्हणजे ती पुन्हा गोडी होण्यास फार काळ लागतो, तो यामुळेच. वाळकेश्वरच्या बाणगंगेचे पाणी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोडे कसे, याचा चमत्कार पुष्कळांना वाटतो. मलबार टेकडीत मुरलेले पावसाचे पाणी झऱ्यावाटे तेथे येते आणि त्याचा दाब समुद्राला आत येऊ देत नाही, हे त्याचे मर्म आहे.

बाणगंगेचे कुंड शिलाहारांच्या काळी, ११२७ साली, बांधले गेले अशी परंपरा आहे. १७१५ साली रामा कामत यांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. पुढे शहर वाढले तशी तळी बांधणे हे पुण्यकर्म ठरले. कावसजी पटेल यांनी अठराव्या शतकात तलाव बांधला. धोबी तलावाच्या डागडुजीसाठी फ्रामजी कावसजी बनाजी यांनी पुढील शतकात पदरचा पैसा खर्च केला. वांद्र्याचे तळे नौपाड्याच्या एका श्रीमंत कोकणी मुसलमान गृहस्थाने बांधले असे सांगतात. पारशी, हिंदू, मुसलमान अशा सर्वांचा हात या कामी लागला होता. त्याच पाण्यावर भिस्त्यांच्या पखाली भरत, कपडे धुतले जात आणि गुरेही उतरत. पाण्याची शुद्धता यात राहणे शक्य नव्हते, हे उघड आहे. तरीही दर उन्हाळ्यात कोणीतरी त्यातील गाळ काढवीत असे, कारण गाळ साचला तर आपणच तहानेलो राहू, हे प्रत्येकास कळत होते.

ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अपुरी पडली. १८५४ पासूनच्या दोन-तीन वर्षांत पाण्याचा असा दुष्काळ पडला की, गलबतांतून व नव्याच सुरू झालेल्या आगगाडीतून पाणी आणण्याची पाळी आली आणि गुरे शहराबाहेर हलविण्यात आली. त्यानंतर मिठी नदीच्या उगमाशी बांध घालून विहार तलाव निर्माण झाला; त्याचे काम १८६० साली पुरे झाले. त्यामागून १८७९ साली तुळशी व १८९२ साली तानसा आला. घरोघर नळ पोहोचला, ही फार मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण ज्या दिवशी नळ आला, त्या दिवशी वस्तीतील तळे पोरके झाले. ज्या पाण्याची कोणाला गरज उरली नाही, त्याचा गाळ कोण काढणार? तळ्यांत केरकचरा पडू लागला, दुर्गंधी सुटली, आणि शोभेची वस्तू अडगळ ठरली.

त्यातच विज्ञानाने एक नवा साक्षीदार उभा केला. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. मुंबईच्या हिवतापाची चौकशी करून डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली जो अहवाल दिला, त्यात येथील रोगवाहक डास प्रामुख्याने विहिरींच्या व हौदांच्या स्वच्छ पाण्यातच वाढतो असे दाखविले. म्हणजे ज्या विहिरीचे पाणी निर्मळ म्हणून मान, तीच अपराधी! पायऱ्या उतरून जेथे पाण्यात पाय बुडवावा लागे, अशा विहिरी-कुंडांतून नारूचाही प्रसार होई. धर्मविधीसाठी विहिरीचेच पाणी हवे असणाऱ्या हिंदू, जैन व पारशी कुटुंबांनी विहिरी बंद करण्यास विरोध केला, तेव्हा काही विहिरींवर तारेच्या जाळीचे झाकण बसवून मध्यम मार्ग काढण्यात आला. उघड्या तळ्यांवर असे झाकण घालता येत नाही. घाण व रोग या दुहेरी आरोपाखाली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत, शहरातील बहुतेक तळी मातीने भरून काढण्यात आली.

त्या निर्णयास सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. तापाने माणसे मरत होती आणि हाताशी दुसरे साधन थोडे होते. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे पाण्यात सोडण्याचा उपाय पुढे रूढ झाला. मात्र तळे बुजविताना रोगाचा हिशोब झाला, पाण्याचा झाला नाही. तळे हे उताराच्या पायथ्याशी असते. ते बुजविले तरी उतार जात नाही, आणि पाऊसही आपली जुनी वाट विसरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३७ इंच पाऊस कोसळला. तेवढे पाणी जुन्या सर्व तळ्यांनाही आवरले नसते, हे खरे. परंतु सखल जागा, ओढे व पाणथळ भूमी यांच्यावर इमारती उभ्या केल्या म्हणजे पाण्याला घरांतूनच वाट काढावी लागते, हा धडा त्या दिवशी मिळाला.

आता उरलेल्या तळ्यांकडे वळू. बाणगंगा टिकली, कारण पितरांच्या श्राद्धविधीला ती लागते. मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान हा निराळाच प्रकार आहे: तेथे पाणी बागेच्या काठाशी नसून बागेच्या खाली आहे, आणि फुलझाडांची ती गच्ची खरोखरी शहराच्या पाण्याच्या टाकीचे छप्पर आहे. या दोन्ही ठिकाणी पाण्याची गरज जिवंत राहिली, म्हणून पाणीही राहिले.

पवईची गोष्ट याहून बिकट आहे. १८९० च्या सुमारास पिण्यासाठी बांधलेल्या त्या तलावाचे पाणी लवकरच पिण्यास अयोग्य ठरले, आणि ते कारखाने व बागा यांच्या उपयोगी लावण्यात आले. भोवतालची वस्ती वाढली, सांडपाणी आत येऊ लागले. सांडपाण्यातील क्षार हे जलपर्णीचे खत होय. जलपर्णी पसरली की सूर्यप्रकाश खाली जात नाही; ती कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि मासे गुदमरतात. याच तलावाच्या काठाने सायकलींचा व फिरण्याचा मार्ग बांधण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतले होते. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवून जागा पूर्ववत करण्यास सांगितले.

हवा खाण्याच्या निरुपद्रवी रस्त्याला एवढा विरोध का, असे एखाद्याला वाटेल. याचे उत्तर काठाच्या स्वरूपात आहे. तळ्याचा काठ म्हणजे पाण्याची कड नव्हे. पावसाळ्यात बुडणारी व उन्हाळ्यात उघडी पडणारी ती एक स्वतंत्र भूमी आहे. लव्हाळ्यात पाणकोंबड्या घरटी करतात, उथळ पाण्यात मासे अंडी घालतात, आणि पवईच्या मगरी उन्हासाठी त्याच चिखलावर येऊन पडतात. दगडमातीचा भराव घातला की तळे दिसावयास नेटके होते आणि आतून ओस पडते. उलट, माहीमला मिठीच्या काठी जेथे कचऱ्याचे ढीग होते, तेथे झाडे लावून १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. पाण्याला मागे न रेटता बाग करता येते, याचा हा दाखला.

तळ्याकाठी फिरावयास जाणाऱ्या कुटुंबाने म्हणून चार गोष्टी पाहाव्यात. पाणी येते कोठून? भरून वाहिले तर जाते कोठे? काठ उतरता आहे की भिंतीचा? आणि पाण्यावर आकाश दिसते की जलपर्णीचे हिरवे छत? बागेतील बाके, दिवे व कारंजी यांची तक्रार करणारे पुष्कळ असतात. पूर्वी तळ्याची काळजी तहान घेत असे. आता ती जागा या चार प्रश्नांनी घेतली पाहिजे. आणि ते प्रश्न मुलांना बरोबर घेऊन, प्रत्यक्ष काठावर उभे राहून विचारले, तर गाळ काढविणारे हात पुन्हा मिळण्याची आशा आहे.