भिंतीतली ओल, माझी फजिती आणि वेरूळचा गिलावा

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलता बोलता जे आलं, ते जवळपास तसंच ठेवलंय.

विषय आहे घराची दुरुस्ती स्वतःच्या हातानं. आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून.

वेरूळला आमचं जुनं घर आहे. खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. आजी अजून तिथंच राहते. मागच्या उन्हाळ्यात तिच्या खाटेमागच्या भिंतीला लोणा लागला होता. हात लावला की पोपडे खाली. मी दोन व्हिडिओ पाहिले, सिमेंटच्या गोण्या आणल्या आणि दोन दिवसांत भिंत गुळगुळीत करून टाकली. फोटो लगेच स्टेटसला!

पुढं पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या गिलाव्याचा भलामोठा तुकडा धपकन खाटेवर आला. आजी तेव्हा चुलीपाशी होती, म्हणून वाचली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "लेकरा, भितीतलं पाणी तू भितीतच कोंडलंस. त्यानं जावं कुठून?"

नेमकं चुकलं काय?

जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. सोबत क्षार येतात. पाणी पृष्ठभागावरून उडून जातं, क्षार मागं राहतात, त्यांचे खडे बनतात आणि वरचा थर ढकलून देतात. हाच लोणा.

मातीच्या गिलाव्यातून वाफ बाहेर पडते. सिमेंट तिला बरंच अडवतं. मग ओल आत साठते किंवा आणखी वर चढते. शिवाय माती ओलीनं फुगते, वाळली की आक्रसते. सिमेंट मात्र ताठच. दोघांचं जमत नाही आणि थर सुटतो. म्हणजे सिमेंट वाईट नाही, मातीच्या भिंतीला ते चालत नाही.

उत्तर गावातच होतं

आपण लेण्यांत जातो, कैलासासमोर सेल्फी काढतो. भिंतींवरच्या मातीच्या गिलाव्याकडं कोण बघतं? दोघांनी बघितलं. पुरातत्त्व विभागातले निवृत्त रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि इथल्याच मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ म. म. सरदेसाई. 12 क्रमांकाच्या लेण्यातले, म्हणजे तीन तालातले, गिलाव्याचे नमुने त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. जालन्याकडून आणि दिल्लीच्या आसपासहून आणलेल्या ताज्या भांगेच्या झाडाशी ते ताडून पाहिले. मातीत भांगेच्या झाडाचे तंतू निघाले! 2016 साली 'करंट सायन्स'मध्ये हे छापून आलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथं किड्यांनी बरंच नुकसान केलं. वेरूळला मात्र भांगेमुळं किडे लांब राहिले, असं त्यांचं म्हणणं.

आता कुणी भांग शोधायला निघू नका, कायद्याच्या भानगडीत अडकाल. घ्यायचा आहे तो विचार: मातीत तंतू हवेत. तंतू मातीला धरून ठेवतात, तडे कमी जातात. आपल्याकडं गव्हाचा भुसा आहे, ताग आहे. आजीची पिढी तेच वापरायची.

या वेळी मी काय केलं

आधी पाण्याचा उगम शोधला. पन्हाळीचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडत होतं. ते लांब नेलं. हे केलं नाही तर पुढचं सगळं वाया.

मग उरलेलं सिमेंट खरवडलं, क्षार ब्रशनं झाडले आणि भिंत काही आठवडे उघडी सुकू दिली.

माती तपासली. काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून हलवा, एक दिवस ठेवा. वाळू तळाशी बसते, बारीक चिकणमाती सर्वांत वर. चिकणमाती फार असेल तर गिलावा तडकतो. म्हणून नुसती काळी माती नको. मी एकास एक, एकास दोन आणि एकास तीन असे माती-वाळूचे तीन तुकडे भिंतीवर लावून पाहिले. आमच्या मातीला एकास दोन जमलं. तुमच्या मातीचं प्रमाण वेगळं निघेल.

भुसा घालून चिखल पायानं तुडवला, चार दिवस मुरू दिला. भिंत ओली करून बोटभर जाडीचा पहिला थर थापला, तो वाळल्यावर दुसरा पातळ. उन्हाचा झोत लागू नये म्हणून खिडकीला गोणपाट. शेवटी चुन्याचा हात. चुना कातडी आणि डोळे भाजतो. हातमोजे आणि चष्मा घालाच.

हात कुठं लावू नये

भिंत फुगलेली असेल, कलली असेल किंवा तड रुंदावत असेल तर व्हिडिओ बंद करा आणि जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला बोलवा. भिंतीत वायर असेल तर आधी मेन स्विच बंद.

आणि वेरूळकरांनो, एक खास गोष्ट. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंतचा भाग निषिद्ध, त्यापुढचा 200 मीटर नियंत्रित. तिथं जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. आधी चौकशी करा, मग थापी उचला.

आमची भिंत आता एक पावसाळा काढून उभी आहे. कोपऱ्यात दोन बारीक तडे गेलेत. आजीनं परवा बोटानं चिखल घालून बुजवले. दोन मिनिटांचं काम. मातीच्या घराची हीच गंमत, दुरुस्ती कायम चालू, पण आपल्या हातातली. तिची खाट पुन्हा त्याच भिंतीला लागली आहे आणि मला रात्री झोप लागते.

तुमच्या घरातही अशी एखादी ओली भिंत असेल तर फोटो पाठवा, पुढच्या भागात बोलू. तोवर, सिमेंटची गोणी फोडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा!